‘सायंटिस्ट’ शब्दाची जन्मकथा आणि लिंगभाव

‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्युएल यांनी १८३४ मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’तील एका परीक्षणात प्रथम छापला. परीक्षण होते मेरी सॉमरव्हिल यांच्या ग्रंथाचे. साहजिकच, स्त्रीला ‘मॅन ऑफ सायन्स’ म्हणता येईना म्हणून हा शब्द घडला, असे वारंवार लिहिले जाते. मूळ परीक्षणात यास आधार नाही. विज्ञानशाखा विखुरत चालल्या असून त्यांच्या अभ्यासकांना समान नाव नाही, ही ह्युएल यांची खंत होती. ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर सुचविलेला हा शब्द ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत रुचला नाही, हेही ते नोंदवितात. शिवाय बुद्धीतही लिंगभेद असतो, असे प्रतिपादन त्याच परीक्षणात आहे! शब्द लिंगनिरपेक्ष निघाला, एवढेच. रॉयल सोसायटीने स्त्रियांना फेलो म्हणून निवडले ते १९४५ मध्ये.

मराठीतील ‘शास्त्रज्ञ’ हे नामही उभयलिंगी आहे. मात्र येथे क्रियापद लिंग उघड करते. ‘शास्त्रज्ञ म्हणाले’ हे सर्वसामान्य विधान ठरते, ‘म्हणाल्या’ हा अपवाद. तेव्हा ‘महिला शास्त्रज्ञ’ हे विशेषण बहुधा अनावश्यकच होय. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविणाऱ्या कमला सोहोनी यांच्याविषयी ‘शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी संशोधन केले’ असे लिहिल्यास अर्थात काहीही उणे राहत नाही.