गॅरेजची पायरी

अमेरिकन घरात गॅरेजमधून आत शिरताना एखादी तरी पायरी चढावी लागते. कुठे चार इंचांची, कुठे चांगल्या तीन-तीन. बाकी सगळं सोयीसाठी बांधणाऱ्या या लोकांनी नेमकी इथेच, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या असताना ठेच लागेल अशी जागा का ठेवली असेल?

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात घर बांधायला काढलं तेव्हा हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. आई कायमची राहायला येणार होती. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, हातात वॉकर. कॉन्ट्रॅक्टरला म्हटलं, गॅरेजची जमीन घराच्या लेव्हलला घे. तो म्हणाला, "असं कोणी करत नाही." का करत नाही, हे मात्र त्याला सांगता येईना. मग मीच शोधायला बसलो.

गोष्ट सुरू होते घोड्यापासून. घोडा आणि बग्गी परसात, घरापासून लांब असायची. वास, माश्या आणि गवताला लागणारी आग, ही त्याची कारणं. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली, हळूहळू घोडा गेला आणि त्याच्या जागी मोटार उभी राहिली. वास-माश्या गेल्या, आगीची भीती मात्र वाढली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर न जाता जमिनीलगत सरपटते आणि भट्टीची किंवा गिझरची ज्योत सापडली की भडका! म्हणून गॅरेज लांबच बरं, असा हिशेब होता. शिकागोत १९१० साली पुऱ्या झालेल्या रोबी हाउसला फ्रँक लॉइड राइटने तीन गाड्यांचं गॅरेज जोडलं, तेव्हा ती नवलाईच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली आणि गॅरेज सर्रास घराला चिकटलं. तबेला घरात आला, पण पायरीभर खालीच राहिला.

गंमत म्हणजे पायरी कार्बन मोनॉक्साइड अडवते असं पुष्कळांना वाटतं. तो वायू हवेपेक्षा किंचित हलकाच असतो, पायरीला कशाला जुमानतोय! त्याला दाराची घट्ट फट आणि घरात अलार्म हेच उपाय. २००० साली निघालेली घरबांधणीची राष्ट्रीय नमुना नियमावली पाहिली, तर तिचा जोर पायरीवर नाहीच. जमीन न जळणारी हवी, सांडलेलं वाहून जावं म्हणून मोटारीच्या दाराकडे उतार हवा, ज्योत किंवा ठिणगी असलेली उपकरणं जमिनीपासून १८ इंच वर हवीत, मधलं दार भरीव हवं. पायरी मागणारे नियम काही गावांचे आपापले असतात. आमच्या गावात तसा नव्हता.

उताराचं वाचताना मला कोकणातलं आजोळ आठवलं. पडवीपेक्षा ओटी वर, ओटीपेक्षा माजघर वर, आणि गोठ्याच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार, गोमूत्र वाहून जावं म्हणून. जे घाण करतं ते खाली, हा नियम दोन्हीकडे सारखाच. आणि त्या चढत्या उंबरठ्यांवर शेवटची काही वर्षं आजी माजघराबाहेर आलीच नाही, हेही आठवलं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नव्हतं.

इथे ते काही जणांना खटकलं. अटलांटात एलिनॉर स्मिथ यांनी १९८७ साली 'काँक्रीट चेंज' ही चळवळ सुरू केली. मागणी साधी: प्रत्येक नव्या घराला निदान एक बिनपायरीचं दार हवं. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा खाजगी घरांना लागूच नव्हता. अटलांटा शहराने १९९२ साली काही घरांपुरता तसा नियम केला.

शेवटी आम्ही गॅरेजमध्ये भराव घालून तो नीट दाबून घेतला. इथली घरं लाकडाची, म्हणून माती आणि लाकूड यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत घेतली, नाहीतर वाळवीला आमंत्रणच. घराच्या दाराशी जमीन सपाट, तिथून मोटारीच्या दाराकडे फुटाला पाव इंच उतार. २२ फुटांत साडेपाच इंच. गिझर घराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. मधल्या दाराला रबरी पट्ट्या, आत अलार्म. खर्च वाढला, ड्राइव्हवे थोडा चढा झाला.

पायरी खोटी नव्हती. तिच्यामागे खरी भीती होती, आणि गॅरेजात पेट्रोल आहे तोवर ती राहणारच. पण तेच काम उतार, दार आणि गिझरची जागा मिळून करत असतील, तर पायरीचं ओझं एकट्या म्हाताऱ्या गुडघ्यांनी का वाहावं? जुन्या रीतीला कारण असतंच. ते कारण शोधून काढलं, की रीत बदलायची हिंमत येते.