४८ केबीत न मावलेली लिपी

घरगुती संगणकाचे पहिले दिवस आठवले की ती पिढी हळवी होते. त्या हळवेपणाला आधार आहे. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. पुढे त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती आपल्याकडे विकली. स्मृती अवघी ४८ केबी. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. कोकणातल्या मुस्लिम घरांत आखातातून आलेल्या टू-इन-वनवर नात, कव्वाली आणि परदेशी गेलेल्या माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकला जाई. तसल्याच टेपरेकॉर्डरवर या संगणकाचे काम चाले.

बटण दाबले की बेसिक भाषा हजर. मुलाने दोन ओळी लिहाव्यात आणि यंत्राने त्या पाळाव्यात. ओळ चुकली तर चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकायचे. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ही कोरी पाटीच होती.

पण ही पाटी कोणत्या लिपीची? स्पेक्ट्रमच्या पडद्यावर २४ ओळी, एका ओळीत ३२ अक्षरे आणि प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट. इंग्रजी अक्षरे त्यात ऐटीत बसतात. स्वतःची चिन्हे काढायची सोयही होती, पण फक्त २१. एवढ्यात देवनागरीची मुळाक्षरेही मावत नाहीत. उर्दूचे तर विचारूच नका. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत जातो. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक संगणकी छपाईत आली, तेव्हा तिच्यासाठी अक्षरांच्या हजारो जोडण्या रेखाटाव्या लागल्या होत्या. स्पेक्ट्रमचा साधेपणा आपल्या लिप्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून मिळालेला होता.

त्या आत आल्या त्या यंत्राची गुंतागुंत वाढल्यावरच. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि संगणकात एक कार्ड बसवून देवनागरी दिसू लागली. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्यांना जागा दिली. १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबाच्या बोरूचे काम हळूहळू कळफलकाकडे गेले. त्यात एक सुंदर कसब मागे पडले, हेही खरे. पण आज रत्नागिरीतले मूल फोनवर आपले नाव उर्दूत लिहू शकते, ते याच गुंतागुंतीमुळे.

म्हणून जुन्या दिवसांकडून सगळे परत मागू नये. कोरी पाटी मात्र मागावी. आजचा फोन मुलाला लिहू देण्याआधीच चित्रफिती दाखवू लागतो. पायथॉन भाषेच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रोग्रॅममधल्या चलांना उर्दू किंवा मराठी नावे देता येतात. आज्ञा अजून इंग्रजीतच आहेत, तरी नाव ठेवण्याचा हक्क आपल्याकडे आला आहे. उर्दू शाळेतल्या मुलाने पहिला प्रोग्रॅम लिहिताना तो बजावावा.