पाळकीणबाईंची पंगत

पाळकबाबा निवृत्त झाले आणि त्यांची बायको, आमची मोठीआई, मुलाकडे सोनगीरला राहायला आली. तोवरचं तिचं सगळं आयुष्य नवापूरकडच्या खेड्यांत गेलेलं. मुलाचं घर तांबटांच्या वस्तीला लागून होतं. पितळेवर हातोड्या पडायला लागल्या की ती सूप घेऊन ओट्यावर बसे, आणि तिच्या गोष्टी त्या ठोक्यांच्या वर आवाज चढवून चालत. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशभर जातात. तिच्या लग्नातला हंडाही इथलाच. माहेरच्यांनी तो खास सोनगीरहून मागवला होता आणि बदलीच्या प्रत्येक गावी तो तिच्याबरोबर गेला.

आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो तिच्या सासऱ्यांपासून. सासऱ्यांकडून ऐकलेलं ती आम्हाला सांगे. छपन्नचा दुष्काळ, म्हणजे 1899-1900 चा. त्याच सुमारास सुरतेकडून ताप्तीच्या खोऱ्यातून जळगावपर्यंत रेल्वे आली. मागोमाग त्या वाटेने गोरे पाहुणे नवापूरला उतरले. ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या उपदेशकाने 1890 साली शिकागोत हे मिशन काढलं होतं. 1949 साली त्याचं नाव बदललं आणि आपल्याकडे त्याला ‘टीम मिशन’ म्हणू लागले.

या फ्रान्सनबद्दल मला फार आदर वाटतो. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो देशोदेशी फिरला. परमुलखात एकट्या पडलेल्या मिशनऱ्यांना भेटायचं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची आणि पुढे निघायचं. अमेरिकेत परतला आणि 1908 च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोत वारला. सेवकांनाही कुणीतरी धीर द्यावा लागतो, हे त्याला उमगलं होतं. त्याने स्वतः मात्र लग्न केलं नव्हतं, आणि सेवकाच्या बायकोचं काय, हा प्रश्न मोठीआईच्या पिढीपर्यंत तसाच राहिला.

कारण नेमणूक पाळकाची असे, पगार पाळकाचा असे, काम मात्र दोघांचं. रविवारची शाळा मोठीआई घेई. अडलेल्या बाईकडे रात्री-अपरात्री कंदील घेऊन तीच जाई. कुणाचं पत्र वाचून दाखवायचं, कुणाच्या घरचं भांडण मिटवायचं, उपासनेला लांबून आलेल्यांना भाकरी घालायची, आणि मंडळीने दान म्हणून आणलेलं मूठ-मूठ धान्य निवडून महिना काढायचा. या सगळ्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही. ‘पाळकांचे कुटुंब’ एवढ्या दोन शब्दांत तिचं आयुष्य मावलं.

हे फक्त खेड्यातल्या पाळकिणीचंच होतं असं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या त्यागाचं कौतुक झालं, ते योग्यच. पण घर चालवायचं होतं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या आश्रयाला होते, तेव्हा त्यांना पोराप्रमाणे सांभाळलं ते याच माउलीने. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून आपल्याला निदान त्यांची बाजू कळली. मोठीआईसारख्यांनी काही लिहिलं नाही. ज्यांनी ओट्यावर बसून ऐकलं, त्यांच्यापुरतंच ते उरलं.

तिची सगळ्यात आवडती गोष्ट सेवकांच्या संमेलनाची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. थंडीचे दिवस, मिशनच्या कंपाउंडात मांडव. परदेशातून पाहुणे आले होते, पाळकांना आणि त्यांच्या बायकांना धीर द्यायला. पाळक मांडवात बसले. बायका सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. तर दारात एक म्हातारी मडम उभी. इथे बरीच वर्षं काढलेली, मराठी येणारी. तिने दोन्ही हात चौकटीला लावले आणि म्हणाली, “आज आत कुणी यायचं नाही. भाकरी करायला बाया सांगितल्या आहेत. वाढायला पुरुष आहेत.”

बायांना काही सुचेना. कुणी पदराशी चाळा करतंय, कुणी नुसतीच उभी. मग व्हरांड्यात सतरंजी अंथरली गेली, पोरांना खेळवायला दोन मुली आल्या, आणि मडम खाली मांडी घालून बसली. प्रवचन नाही, पुस्तक नाही. एकेकीकडे वळून विचारू लागली: रात्री झोप लागते का, दुखणंखुपणं काय, माहेरी शेवटची कधी गेलीस. आधी सगळ्या “बरं आहे, बरं आहे” म्हणत राहिल्या. मग मोठीआईच्या शेजारची, नुकतंच मूल गेलेली, रडायला लागली. तिच्या गावात पाळकिणीने मंडळीसमोर रडायचं नाही असा रिवाज होता. तिने ते रडणं दोन महिने अडवून धरलं होतं.

दुपारी पंगत बसली ती बायकांची आधी. पाळकबाबा वरणाची बादली घेऊन वाढत आले. “तेन्हा हात कापी ऱ्हायंथा,” मोठीआई सांगे आणि पोट धरून हसे. मांडवात कोण काय बोललं ते तिला आठवत नसे. वरण किती पातळ होतं ते आठवे.

पुढे परदेशी मिशनऱ्यांचं येणं कमी झालं, व्हिसाच्या अटी कडक झाल्या, बंगले रिकामे पडले. मंडळ्या आपल्या माणसांच्या हाती आल्या. पाळक शिकायला यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जाऊ लागले. 1953 साली सुरू झालेली ही संस्था 1983 मध्ये पुण्याला गेली. शिक्षण वाढलं, ही मोठीच गोष्ट. पण पाळकीणबाईंचा प्रश्न पदवीने सुटणारा नव्हता. आजही खानदेशातल्या कितीतरी घरांत उपासना संपली की चहाचं आधण त्याच ठेवतात.

मोठीआई थकली होती तेव्हाची गोष्ट. आखातात नोकरीला असलेल्या नातवाचा फोन आला. तिथल्या मंडळीतली काही कुटुंबं सुट्टीत इकडे येऊन पाळकांना भेटायचं म्हणत होती. त्यांच्यासाठी काय आणावं, पुस्तकं आणावीत की स्पीकर, असं तो विचारत होता. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि एकेक सांगायला लागली. पाळकाला बोलवाल तर बायकोचंही तिकीट काढा. लेकरं सांभाळायला माणूस ठेवा. आचारी लावा, आणि पैसे आधी द्या. तुमच्यातल्या बाया आणा, नुसते पुरुष नकोत. आणि त्यांच्या घरी उतरू नका, लॉजवर उतरा.

नातू म्हणाला, “मोठीआई, लिहून घेतो, थांब.” ती म्हणाली, “लिही ना. मी थांबस.”