काठीला चेहरा कोणाचा?

मंडळी, गुडघे कुरकुरू लागल्यापासून काठी हातात आली. आता गावातल्या सुताराकडून एक चांगली काठी करून घ्यावी आणि मुठीवर एखादा चेहरा कोरून घ्यावा, असे मनात आहे. प्रश्न एवढाच, की चेहरा कोणाचा? सूनबाई म्हणाल्या गणपतीचा. पण देवाला मुठीत आवळून धरणे मनाला पटेना. नातवाला सिंह हवा. आमची उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून म्हटले, आधीच्या लोकांनी काय केले ते पाहावे.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली सापडले. त्यात सुमारे १३० काठ्या होत्या. काहींच्या वाकड्या टोकावर कैद केलेल्या शत्रूंच्या आकृती आहेत. दक्षिणेकडचा न्युबियन काळ्या आबनुसाचा, तर आशियातला हस्तिदंताचा. शत्रू कायम राजाच्या ताब्यात, असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये उलटा प्रकार झाला. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियन हरला आणि त्याचे नाव घेणे धोक्याचे झाले. तेव्हा त्याच्या चाहत्यांनी अशा मुठी घडवल्या, की नुसत्या पाहिल्या तर साध्या, पण सावली पडली की नेपोलियनचा चेहरा उमटे. एकाने शत्रू हातात धरला, दुसऱ्याने निष्ठा लपवली.

आपल्याकडे काठी म्हणजे अधिकार. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड, त्यावरून चोबदार आणि आपला चोपदार. राजेरजवाड्यांच्या पदरी चांदीचे सोटे घेतलेले सेवक असत आणि त्या सोट्यांच्या टोकाला वाघाचे तोंड असे. पाहणाऱ्याने आधी वाघाला भ्यावे, मग धन्याला. नातवाचा सिंह याच घराण्यातला! पण ज्ञानोबांच्या पालखीतला चोपदार पाहा. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी त्याने दंड उंचावला की हजारो वारकरी शांत होतात. तिथे वाघाची गरज पडत नाही. आणि गाडगेबाबांच्या हातातली काठी तर अगदी साधी. निवृत्त मास्तराने वाघ घेऊन हिंडावे आणि भ्यावे कोणी?

शेवटी मन बैलावर येऊन थांबले. आमचा सोलापूर जिल्हा खिलार बैलांचा. महाराष्ट्रात बैलाची मूर्ती घडवण्याची परंपराही फार जुनी. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली तांब्याच्या चार मूर्ती जमिनीतून निघाल्या. त्यांतली एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ, हजारो वर्षांपूर्वीचा. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले अजूनही लाकडी बैल सजवून मिरवतात.

आमच्या घरची जोडी १९७२ च्या दुष्काळात गेली. वैरण नव्हती, विकण्यावाचून इलाज नव्हता. वडिलांनी कासरा तेवढा ठेवून घेतला, तो पुढे कित्येक वर्षे खुंटीला होता. त्या बैलांचा फोटो कोणी काढलेला नाही. त्यांचे तोंड आठवणारा घरात आता मी एकटाच.

तरी एक गोष्ट टोचत होती. बैलाने पिढ्यान्‌पिढ्या काठीच सोसली, आर लावलेली पराणी सोसली. आता त्याचेच तोंड काठीवर कोरायचे आणि वर आपला भार टाकायचा, मग त्या इजिप्तच्या राजात आणि आपल्यात फरक काय?

उत्तर कागदावर आकृती काढताना मिळाले. चेहरा मुठीखाली आला तर डोळे बोटांनी झाकले जातात. म्हणून मान लांब ठेवायची, तोंड मुठीच्या पुढे मोकळे काढायचे. खिलारची शिंगे उभी कोरली तर पहिल्याच धक्क्याला मोडतील, तेव्हा ती मागे मानेला चिकटून नुसती उठावात दाखवायची. लाकडाचे रेषे नाकापासून मानेकडे आडवे धावले पाहिजेत, नाहीतर मुस्काट तुटेल. जुन्या गाडीचे बाभळीचे वाळलेले लाकूड माळ्यावर आहे, ते मुठीला पुरेल. उंची मात्र वहाणा घालून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपर्यंत मोजायची.

अशा मुठीवर हात बरोबर बैलाच्या मानेवर येतो, जिथे जू असते तिथे. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला वडील हळद आणि तूप घेऊन त्याच जागी हात फिरवत. भार पडायचा तो पडणारच. तो जन्मभर त्यानेच वाहिला. पण हात शत्रूला आवळणारा नसेल, खांदा चोळणारा असेल, आणि बैलाचे डोळे उघडे राहून वाट बघतील.

सुताराला आकृती दिली आहे. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची कोरीव काठी असेल, तर तिच्यावर कोणाचा चेहरा आहे ते जरूर कळवा.