काडेपेटी आणि जकात

आपल्या घरात 'जकात' म्हटले की गरिबांचा हक्क आठवतो. सरकारदरबारी मात्र हाच शब्द मालावरच्या करासाठी रुजला. या दुसऱ्या जकातीने कुणाच्या चुली पेटवल्या आणि कुणाच्या विझवल्या, हे पाहायचे तर कुळगावकरांनी लोकलने मुंबईकडे एकच स्टेशन जावे. अंबरनाथच्या विम्को नाक्याने एका कारखान्याचे नाव जपले आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात काड्या येत त्या प्रामुख्याने जपान आणि स्वीडनहून. १९२२ साली सरकारने तिजोरी भरण्यासाठी दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया आयात जकात बसवली. स्वीडिश कंपनीने मग पेट्या पाठवण्याऐवजी कारखानाच इथे आणला. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, अर्थात विम्को, स्थापन झाली आणि रेल्वेकाठच्या अंबरनाथला यंत्रे फिरू लागली. या उद्योगाचा सूत्रधार इव्हार क्रूगर त्या काळात सरकारांना कर्जे देऊन काडेपेटीचे मक्ते मिळवत होता. १९२८ मध्ये ही जकात देशी धंद्याच्या संरक्षणासाठी कायम झाली. पण परके भांडवल तोवर भिंतीच्या आत येऊन बसले होते.

आम्हांला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिजोरीसाठी काढलेल्या एका हुकुमाने अंबरनाथला रोजी दिली, आणि दुसऱ्या कराने ती हळूहळू दूर नेली. स्वातंत्र्यानंतर हाताने काड्या करणाऱ्या छोट्या कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तमिळनाडूतील शिवकाशी भरभराटली. तिथल्या गोरगरीब बायकांना काम मिळाले, पण लहान मुलेही त्याच कामाला जुंपली गेली. यंत्राची विम्को मागे पडत गेली. २००५ मध्ये कंपनी आयटीसीकडे गेली. अंबरनाथचा कारखाना आज इतिहासजमा आहे.

चक्र पुन्हा फिरले. स्वस्त परदेशी लायटरनी शिवकाशीलाच घेरले, तेव्हा २०२३ मध्ये केंद्राने वीस रुपयांहून कमी किमतीच्या लायटरची आयात बंद केली.

कर बसवावा की उठवावा, यावर तज्ज्ञ वाद घालोत. आमचे म्हणणे एवढेच की, या शंभर वर्षांत हिशेब झाला तो तिजोरीचा आणि भांडवलाचा. कारखाना उठून गेल्यावर कामगाराने काय करावे, याचे कलम कुठल्याच हुकुमात नव्हते. पहिल्या जकातीत हकदार आधी ठरतो. दुसरीतही तो ठरायला हवा.