देवळाच्या पाठीमागे

मराठवाड्यातली थंडी म्हणजे सकाळी कानटोपी आणि दुपारी छत्री. पौषातल्या अशाच एका सकाळी आम्ही सिद्धेश्वर धरणावर कुडकुडत पूर्णेवरचं धुकं पाहत होतो. पाहत होतो म्हणजे मी एकटाच. सौभाग्यवतींचा जीव हुरड्यात आणि आईचा औंढ्याच्या नागनाथात. "आधी देव, मग ज्वारी," असा आईनं निकाल दिला.

चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला देवळात नेऊ नये. औंढ्याला पोचताच मी जाहीर केलं, "हेमाडपंती!" वास्तविक हेमाद्रीपंत तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची रीत त्याच्याही आधीची. पण बेवारस दगडी देऊळ दिसलं की त्याच्या खाती मांडायचं, ही आपली पद्धत. मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा लोकांनी त्याच्याच नावावर घातली आहे! इथं खाली शिल्पांनी गच्च भरलेला काळा दगड, वर नंतरच्या काळातलं पांढरं शिखर. जुन्या धोतरावर नवा कोट घालावा तसं.

गाभारा जमिनीखाली, वाट अरुंद. आईचे गुडघे काही तिथं उतरणारे नव्हते. मी स्वेटरसकट कसाबसा जाऊन आलो, तर आई जागेवर नाही. सापडली ती देवळामागे, नंदीजवळ. इतरत्र नंदी पुढं असतो, इथं तो मागं. नामदेवांचं कीर्तन अडचणीचं वाटलं म्हणून त्यांना मागं पिटाळलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा. 1270 साली जन्मलेल्या या शिंप्याच्या मुलाचं गाव नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. त्यांची 61 पदं पुढं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गेली; पण इथं मात्र, "मागं जा!"

"आई, देऊळ कधी फिरतं का?" मी सुरू केलं. "त्याचं असं आहे, बांधकामशास्त्राप्रमाणे—"

"तुला कधी कुणी देवळातनं उठवलंय?"

"नाही बुवा."

"माझ्या बापाला उठवलं होतं. भजन चालू असताना. मी त्यांच्या मांडीवर होते."

सत्तर वर्षांत हे ती घरात कधी बोलली नव्हती. मी कानटोपी काढली आणि शेजारी बसलो. दगड एव्हाना उन्हानं कोमट झाला होता.

"मग?"

"मग काय? मागं बसून म्हटलं त्यांनी भजन. पुरं केलं." आईनं पदरानं नंदीच्या पाठीवरची धूळ पुसली. "तिला हाक मार आता. हुरड्याला उशीर झाला तर माझ्यावर रुसेल."