हाक कुठून आली?

अंधारात कुणी हाक मारली, की आपली मान आपोआप त्या बाजूला वळते. हाक एका कानावर किंचित आधी पोहोचते, दुसऱ्यावर नंतर. तेवढ्या फरकावरून दिशा कळते. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरावर कित्येक खलाशांचे प्राण अशाच हिशेबावर वाचले.

ब्रिटनचं अन्न, तेल, दारूगोळा जहाजांच्या तांड्यांतून येत असे. एखाद्या जर्मन पाणबुडीला तांडा दिसला, की ती बिनतारी संदेश धाडी आणि बाकीच्या लांडग्यांसारख्या गोळा होत. पाणबुडीदलाचे प्रमुख डोनिट्झ यांची भिस्त याच संदेशांवर होती. संदेश काही सेकंदांचाच असे. एरियल फिरवून दिशा शोधेपर्यंत तो संपून जाई. त्यामुळे जर्मन निर्धास्त होते.

मात्र यावरचा उपाय आधीच सापडला होता, तोही विजांचा माग काढताना! आकाशात वीज चमकली, की रेडिओत खरखर होते. तेवढ्या क्षणात वादळाची दिशा कळावी, म्हणून वॉटसन-वॉट आणि हर्ड यांनी १९२६ साली एक यंत्र मांडलं. त्याच तत्त्वावर पुढे किनाऱ्यावर केंद्रं उभी राहिली. चार उभी एरियल्स: एक जोडी उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम. लहर जोडीतल्या एकाला आधी भेटते, दुसऱ्याला नंतर. एका जोडीतला फरक पडद्यावरच्या ठिपक्याला उभा ओढतो, दुसरीतला आडवा. त्या ओढाताणीतून तिरकी रेघ उमटते, तीच दिशा. लहर रेघेच्या कोणत्या टोकाकडून आली, ते आणखी एक एरियल सांगतं. दोन केंद्रांच्या रेघा नकाशावर जिथे छेदतात, तिथे पाणबुडी! पुढे उभ्या एरियल्सऐवजी एकमेकांना छेदणारी वेटोळी वापरून हे यंत्र संरक्षक जहाजांवरही चढलं.

सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' बुडालं, तेव्हा मात्र ते जहाजांवर आलेलं नव्हतं. त्या बोटीवर इंग्लंडबाहेर सुरक्षित ठिकाणी धाडलेली ९० मुलं होती. त्यांतली ७७ दगावली. त्यांच्याबरोबर सुमारे शंभर हिंदी खलाशीही गेले.

मे १९४३ मध्ये चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्यावर डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली. त्यात विमानं, रडार, सांकेतिक लिपीची उकल यांचाही वाटा होता. जर्मनांचा संशय मुख्यतः रडारवरच राहिला. आपलाच आवाज आपला ठावठिकाणा सांगतोय, हे त्यांच्या ध्यानी आलं नाही.

त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मरण पावले. पाणबुडीच्या संदेशाची दिशा सांगणारं यंत्र निघालं. बुडणाऱ्यांच्या हाकेची दिशा मात्र समुद्रालाच ठाऊक.